तिसऱ्या कडव्यानंतरचा टाळ

पिठाच्या गिरणीत माणूस गेला की गिरणीवाला डबा घेतो, वजन करतो आणि दळून देतो. अख्ख्या महाराष्ट्रात हीच रीत आहे. पाटोद्यात मन्मथअप्पांच्या गिरणीत मात्र आधी तुमच्या डोक्यावर हेडफोन चढवला जातो आणि मगच तुमची ज्वारी दगडात जाते.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. घरी तवा तापलेला, बायकोचे दोन फोन येऊन गेलेले, आणि आपण गिरणीमागच्या खोलीत कोंड्याच्या पोत्यावर बसून कुठल्याशा जुन्या भजनातला टाळ ऐकतोय. बरं, एकदा ऐकून सुटका नाही. आधी काळ्या हेडफोनमधून, मग जर्मन हेडफोनमधून, मग पुन्हा काळ्यातून. समोर अप्पा गुडघ्यांवर हात टेकून आपल्या तोंडाकडं टक लावून बसलेले.

"तिसरं कडवं सरू दे. आता बाई दम घील. आता टाळ यील बग. आला?"

"आला."

"कशात जित्ता हाय? काळ्यात का जर्मनात?"

इथं "दोन्हीत सारखाच" म्हणणाऱ्याचं दळण सगळ्यात शेवटी लागतं. हे एकदा कळल्यापासून गावातल्या बाया शहाण्या झाल्या. त्या पोत्यावर टेकण्याआधीच "जर्मनात लई जित्ता हाय, अप्पा" म्हणून मोकळ्या होतात. मला ते जमत नाही. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण पीठ मिळवण्यासाठी खोटं का बोलायचं, हा माझा साधा प्रश्न आहे.

अप्पांचं वय पासष्टच्या पुढं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. मात्र भस्म कुठं संपतं आणि पीठ कुठं सुरू होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चाळीस वर्षं हा माणूस गिरणी चालवतोय. दळणारा म्हणून त्यांच्या तोडीचा तालुक्यात नाही, हे मी रागात असूनही कबूल करतो. दगड फिरत असताना नुसत्या आवाजावरून सांगतात, दगड घासतोय का, टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं दगडाला नव्या खाचा पाडायची, वेळ झाली का. त्यांच्या पिठाची भाकरी कधी चिरत नाही.

गिरणीच्या आवाजात बोलणं चालत नाही, म्हणून अप्पा आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे गौराकाकूंच्या, खुणा ठरलेल्या आहेत. दोन तळवे एकमेकांवर रगडले की भरड. अंगठा दोन बोटांवर घासला की बारीक. करंगळी वर केली की पुढचं दळण बाजरीचं. आम्ही गिऱ्हाइकंही त्याच खुणा करतो. माझ्या बायकोनं तर एकदा लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला चटणी बारीक वाटायची खूण केली होती.

एवढा पक्का माणूस सीताफळं उतरली की बिघडतो. डोंगरात त्यांची सीताफळाची बाग आहे. त्या दिवसांत हातात पैसा आला की लोक घरावरचे पत्रे बदलतात, मोटार बांधून घेतात. अप्पा रस्ता ओलांडून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येतात आणि खुर्ची ओढून विचारतात, "दत्त्या, नवा डबा कुठला निघालाय बे?"

डबा म्हणजे हेडफोन. मागवायचा मी, बॉक्स फोडायचा मी, जोडून द्यायचा मी, आणि चार दिवसांनी परत पाठवायचाही मीच. कंपनीनं त्याचं जे कौतुक लिहिलेलं असतं ते मी वाचून दाखवतो. खोल खर्ज, स्वच्छ तारसप्तक, विशाल अवकाश.

"आवकाश ऱ्हाऊ दे. भरड हाय का बारीक, ते लिव्हलंय का?"

अप्पांचं सगळं मोजमाप पिठाचं. एका हेडफोनचा आवाज "कोंड्यासगट" असतो. एकाचा "लई बारीक दळलाय, त्वांडात मैदा झाला." एक महागडा हेडफोन तर त्यांनी "जळकं पीठ" म्हणून कायमचा खिळ्याला टांगला. दगड फार दाबून बसवले की पीठ तापतं आणि जळकं लागतं, तसा त्यात मृदंग तापतो म्हणे. मी ऐकून बघितलं आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं.

असे सात हेडफोन गिरणीमागच्या खोलीत खिळ्यांना टांगलेत. पूर्वी तिथं मशीनचे जुने पट्टे असायचे. पीठ बसू नये म्हणून प्रत्येकाला धोतराच्या कापडाची पिशवी. हे सात म्हणजे ज्यांची परत घेण्याची मुदत उलटली ते. बाकीचे मी परत पाठवले, आणि माझा खरा राग तिथं आहे. परत पाठवताना कारण निवडावं लागतं. आकार लहान, रंग वेगळा, वस्तू तुटलेली. अप्पांचं कारण त्या यादीत नसतं.

"टाळ मेलाय, आसं लिव्ह."

"अप्पा, तसं कारण नाही त्यात."

"कावून न्हाई? म्हंजी ह्यांच्या डब्यात टाळ मेला तर मानसानं कुठं जायाचं?"

एकदा त्यांनी मला कंपनीला फोन लावायला लावला. मी फोन स्पीकरवर ठेवला, तरी त्या मुलीचं प्रत्येक वाक्य मला मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं. मला वाटलं, लाइन खराब आहे.

"बाई, मी पाटोद्याहून मन्मथअप्पा गिरणीवाला बोलतो. तुमचा डबा मेलाय."

"सर, चार्जिंग होतंय का?"

"चार्जिंग झ्याक हाय. मृदंग हाय, पेटी हाय, बाईचा आवाज हाय. टाळ तेवढा न्हाई."

"सर, एकदा बंद करून चालू करून बघा."

"कुनाला? टाळ वाजवनाऱ्याला?"

मुलीनं फोन ठेवला. अप्पा संतापून माझ्याकडं बघत राहिले. जणू तिला जन्माला मीच घातलं होतं.

या सगळ्या परीक्षेत अप्पांनी मान दिला तो एकाच माणसाला. बिरू धनगर. बिरू बाजरी दळायला येतो. त्याचं अर्धं आयुष्य घंटेच्या आवाजावरून कुठलं मेंढरू कुठं भरकटलं ते ओळखण्यात गेलेलं. त्यानं दोन्ही हेडफोन लावले, डोळे मिटले आणि सांगितलं, "अप्पा, काळ्यात टाळ कळपात चरतोय. जर्मनात एकलाच टेकाडावर उभा हाय." अप्पांनी उठून त्याला मिठी मारली. बिरूची बाजरी माझ्या आधी दळली गेली. मी त्याच्या आधी अर्धा तास आलो होतो, हे इथं नमूद करून ठेवतो.

त्याच दिवशी माझा तोल गेला. मी खिशातून बाजारात घेतलेला माझा इअरफोन काढला, तेच भजन लावलं आणि म्हणालो, "अप्पा, मला यातसुद्धा टाळ येतो. स्पष्ट येतो. टिंग करून."

अप्पांनी तो कानात घातला. तिसरं कडवं सरलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी इअरफोन काढून माझ्या हातावर ठेवला.

"तुपले कान म्हशीचे हायत," ते म्हणाले. "न्हाई तिथं टाळ ऐकू येतो तुला. जा बे."

आठ दिवस मी दुसऱ्या गिरणीतून दळून आणलं. भाकऱ्या चिरल्या. बायको म्हणाली, तुमच्या स्वाभिमानाची भाकरी तुम्हीच खा, लेकरांना अप्पांचं पीठ आणा. गेलो झक मारत.

आता काकूंविषयी. काकूंचा आवाज म्हणजे अप्पांच्याच भाषेत भरड, कोंड्यासगट. सकाळी सहाला "आवोऽऽ" अशी हाक रस्त्यापलीकडून माझ्या घरात येते. आमच्या पेठेत सगळ्यांचा समज, की हे जोडपं दिवसभर भांडतं. काकूंचा मुख्य राग हेडफोनवर.

"जित्त्या मानसाचं ऐकत न्हाईत आन् डबड्यातल्या बयेचं ऐकत बसत्यात," त्या मला एकदा म्हणाल्या. "कोन हाय रं दत्ता ती? लई ग्वाड गाती म्हनं. समद्या गावाला ऐकवत्यात, मला एक डाव न्हाई."

"काकू, तुम्हीच तर डबडं लावून घेत नाही."

"लावतीय! सवतीचं गानं ऐकाया?"

ती कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. अप्पांनी दिलेली जुनी कॅसेट मीच मोबाईलमध्ये उतरवून दिली होती. वर नुसतं "सोमवार" लिहिलेलं. देवळात बसून बायकांनी म्हटलेलं महादेवाचं भजन, आणि पुढं गाणारी एक मुलगी. कोवळा, पातळ, लखलखीत आवाज. तिसऱ्या कडव्यानंतर ती दम घ्यायला थांबते आणि तेवढ्यात तिचा टाळ एकटाच वाजतो. बस, एवढंच. त्या एका टिंगसाठी हा सगळा उपद्व्याप.

मग या उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली. गिरणी बंद. पेठेत इतकं शांत, की माझ्या पंख्याची पाती थांबतानाही ऐकू आली. मी रस्ता ओलांडून गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. अप्पा पाठमोरे बसून दगडाला टाकी लावत होते. ठोका घालायचा, थांबून हात फिरवायचा, असं चाललेलं. डोक्यावर हेडफोन नव्हता. काकू मागच्या दारात आल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आवो, जेवाया चला."

अप्पा हलले नाहीत. काकू पुन्हा म्हणाल्या. आत कुकरची शिट्टी झाली, मी दचकलो, अप्पा नाही. तेव्हा काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हाताचा घास तोंडाकडं नेला. अप्पा लगेच उठले.

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं.

"चार वर्सं वरडायले मी," अप्पा हात धुवायला गेल्यावर त्या म्हणाल्या. "हौस म्हनून व्हय? पन कान गेले म्हनलं की आंगावर येत्यात. तू ने बीडला. तुझं ऐकत्याल."

मला एवढा राग आला म्हणून सांगू. म्हशीचे कान माझे! दोन वर्षं परत पाठवण्याची कारणं शोधत बसलो मी, कंपनीच्या त्या मुलीशी खोटं खोटं गोड बोललो मी, आणि हेडफोन सगळे धडधाकट. पण त्या रागाच्या तळाशी दुसरंही काहीतरी होतं, आणि ते बरं वाटत नव्हतं.

मी खोटं बोललो. म्हटलं, "अप्पा, बीडला एके ठिकाणी खास खोली आहे. बाहेरचा कसलाही आवाज येत नाही. आत बसून हेडफोन ऐकायचा." अप्पा दुसऱ्या दिवशी नवं धोतर नेसून, जर्मन हेडफोन पिशवीत घेऊन तयार.

कानाच्या दवाखान्यात ती खोली त्यांना मनापासून आवडली. भिंतींना जाड गाद्या, एक काचेची खिडकी. "आशी खोली गिरनीत पायजे," म्हणाले. डॉक्टरबाईंनी दिलेला हेडफोन उलटासुलटा करून बघितला. हातात एक बटण दिलं; आवाज आला की दाबायचं. मी बाहेर बाईंच्या शेजारी उभा राहिलो.

सुरुवातीचे जाडे आवाज त्यांनी झकास ओळखले. मान डोलावत, एखाद्या जाणकारानं दाद द्यावी तसं बटण दाबत होते. बाई वरच्या सुरांवर गेल्या. आवाज सुटला की मशीनवरचा दिवा लागत होता, थांबला की विझत होता. अप्पांचा अंगठा बटणावर तसाच. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग काचेतून आमच्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "बाई, सुरू करा की!"

दिवा तेव्हाही लागलेलाच होता.

बाहेर आले ते तावातावानं. "तुमचा डबा मेलाय, बाई. निम्म्यातनं पुढं कायच न्हाई त्यात." बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद पुढं केला. त्यावरची रेघ थोडी सरळ जाऊन मग उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. धंदा कोणता, विचारलं. चाळीस वर्षं गिरणी म्हटल्यावर म्हणाल्या, "कानात कापूस तरी घालायचा, आजोबा."

"कापूस घातला आसता तर दगड घासतोय का न्हाई, ते कसं कळलं आसतं?"

बाईंनी कागद अप्पांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, पण यंत्र लावलं की माणसांचं बोलणं बरंच समजेल. अप्पांनी एकच विचारलं. त्यात टाळ येईल का. बाई म्हणाल्या, "टाळाचं सांगता येणार नाही." यंत्रासाठी कानाचं माप देऊन आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला उतरलो. ढाब्यावर चहा सांगितला. ट्रक येत-जात होते. कपातला अर्धा चहा बशीत ओतून ते म्हणाले, "मला ठाव हाय बे."

"काय?"

"कानाचं. पैल्यांदा चिमन्या गेल्या. मला वाटलं, चिमन्याच कमी झाल्या. पेपरात बी तसंच आलतं. मंग कुकरची शिट्टी. मंग टाळ."

मी कप आदळला. "ठाव होतं, तर गावाला पोत्यावर बसवून कशाला छळता? मला म्हशीचे कान कशाला म्हणता?"

"तुझ्या त्या डबड्यात मला आवाजच भुरका, धुरळ्यावानी आला. आन् तू म्हनतो, टिंग. राग आला बे." बशी तोंडाला लावून त्यांनी खाली ठेवली. "टेप जुनी. माझ्यातनं गेला तसा तिच्यातनं बी टाळ गेला तर? लोक म्हनत्यात आला, की मला बरं वाटतं. हाय अजून. आन् वाटायचं, एखांदा डबा आसा निघंल, त्यो टाळ माझ्यापतूर आनंल. एक डाव. मंग गेले कान तर जाऊ द्या."

"एवढं काय आहे त्या टाळात? कोण आहे ती बाई?"

"तुपली काकू."

ट्रक इतका मोठा हॉर्न देऊन गेला, की मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"गिरनी घ्यायच्या आदल्या सालचा सरावन हाय त्यो. म्हादेवाच्या देवळात बाया बसल्या होत्या. टेप मी धरलता. मंग गिरनी घितली. गिऱ्हाइकाला हाक मारू मारू, मला हाक मारू मारू तिचा गळा फाटला. मपल्या गिरनीनं फाटला. हे तिला कुठल्या त्वांडानं सांगू? आन् आता ती वरडती, ते बी माझ्याच कानापायी."

मी ते भजन शंभरदा ऐकलं होतं. रोज सकाळी सहाला काकूंची हाक ऐकत होतो. एका गळ्यातले हे दोन आवाज, हे माझ्या चांगल्या कानांना कधी कळलं नाही. मला माझाच राग आला. चहा तसाच टाकून मी उठलो.

पाटोद्यात पोचलो तेव्हा पुन्हा लाइट गेलेली होती. काकू गिरणीच्या दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. माझा दळणाचा डबाही सकाळपासून तिथंच होता.

"काय म्हनल्या डाक्तरीनबाई?" काकू ओरडल्या.

अप्पा सरळ त्यांच्यापुढं गेले. पिशवीतून जर्मन हेडफोन काढला, मोबाईलवर भजन लावलं आणि काकूंच्या डोक्यावर, पदरावरूनच, हेडफोन चढवला.

"काडा ते! कुना बयेचं..." काकूंचा हात हेडफोनकडं निघाला आणि वाटेतूनच मांडीवरच्या ज्वारीत परत आला.

तोंड तसंच उघडं. मग ओठ मिटून त्या आतल्या आत तेच गुणगुणू लागल्या. डोळ्यांतून पाणी गालावरच्या पिठातून रेघ ओढत खाली आलं. अप्पा त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि नेहमी आमच्या तोंडाकडं बघायचे तसे बघत राहिले. मी भिंतीला टेकून उभा होतो. हेडफोनमधून जरासा आवाज बाहेर येत होता. पहिलं कडवं. दुसरं. तिसरं.

ज्वारीनं भरलेले काकूंचे दोन्ही हात मांडीवरून उठले. मुठी उघडल्या, दाणे खाली सांडले, आणि बोटांत काही नसताना दोन्ही हात एकमेकांकडं येऊन, एकदाच, टाळ वाजवून परत गेले. तिकडं हेडफोनमध्येही त्याच क्षणी टिंग झालं. मी ऐकलं.

"आला," अप्पा म्हणाले. "बग दत्त्या, आला."

मग त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर रगडले, आणि मान वर करून काकूंना विचारलं. भरड?

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. डोळे न पुसता उजवा हात वर केला, आणि अंगठा दोन बोटांवर हळूच घासला.